दिवे लागले की मोटार शेतात

ती घटना आठवली की आजही मला बसल्या जागी हसू फुटते, आणि स्वयंपाकघरातून बायको विचारते, "आता काय झालं?" तिला ही हकीकत इतक्या वेळा सांगून झाली आहे की पुढचे वाक्य ती माझ्या आधी म्हणते. म्हणून या वेळी कागदावर उतरवतो. नावे कुणाचीच देणार नाही. त्यातल्या काहींची नातवंडे आज वकिली करतात, उगीच नोटीस यायची.

इंग्रजी अमदानीतली गोष्ट. बेळगाव-निपाणी रस्त्यावरच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. ठाण्याचा कारभार म्हणजे मी, एक हवालदार, चार शिपाई आणि एक लॉकअप, ज्यात आरोपी नसला की हवालदार कोंबड्या कोंडी. आमच्या हद्दीतून रोज उतारू नेणारी एक सर्व्हिस मोटार जाई. निपाणीचा तंबाखूचा बाजार आटोपून ती दुपारनंतर निघे आणि अंधार पडल्यावर बेळगावात पोचे. मोटारीला कार्बाइडचे दिवे होते. दिवेलागण झाली की ड्रायव्हर मोटार थांबवी, खाली उतरून दिव्याची काच उघडी, काडी ओढी, आणि घाण वास सोडत दिवे लागत. उजेड एवढाच, की समोरून बैलगाडी आली तर बैलांनाच मोटारीची दया यावी.

मालकाने एकदा मुंबईहून विजेच्या दिव्यांची पेटी मागवली. दोन मोठे दिवे, बॅटरी, तारा आणि बसल्या जागेवरून दाबायचा खटका. ते बसवायला त्याने कंग्राळीचा एक मिस्त्री बोलावला. हा मिस्त्री बेळगावच्या लष्करी कॅम्पातल्या एका गॅरेजात काम शिकलेला, हाताचा चांगला आणि तोंडाचा फटकळ. त्याने दिवे बसवले आणि रस्ता असा उजळला की लोक मुद्दाम बघायला यायचे.

पण महिनाभरातच ती मोटार रस्ता सोडून शेतात घुसू लागली. दर वेळी दिवेलागणीला, वंटमुरीच्या अलीकडच्या वळणाजवळ. तिसऱ्यांदा घुसली तेव्हा एका उतारूचा हात मोडला, आणि मालक फिर्याद घेऊन ठाण्यात आला.

"दिवं लावल्यापासनंच हे सुरू झालंय, साहेब," तो म्हणाला. "त्या मिस्त्रीनं ड्रायव्हरच्या हातातल्या चाकात कायतरी करून ठेवलंय."

त्याच संध्याकाळी निपाणीच्या मोटार स्टँडवरच्या चहावाल्याने हवालदाराच्या कानात खबर घातली. दिवे बसवल्यावर मिस्त्री संकेश्वरात दुसऱ्या एका मोटारमालकाबरोबर चहा पिताना दिसला होता. या दोन मालकांतून विस्तव जात नव्हता. झाले, प्रकरण सरळ दिसू लागले. पैसे खाऊन मोटारीत बिघाड केला आणि लोकांचा जीव धोक्यात घातला, असा आरोप ठेवून मी मिस्त्रीला आत घेतले. कोंबड्या बाहेर काढल्या.

चौकशीत तो जराही वाकला नाही.

"म्या दिवं लावलं, साहेब. चाकाला बोट लावलं न्हाय."

"मग संकेश्वरात चहा कशाचा पीत होतास?"

"त्येस्नीबी असलंच दिवं पायजे हुतं. तेवढंच इचारत हुतं."

"आणि मोटार शेतात का जाते?"

"ते मोटारीला इचारा की."

अशी उत्तरे देणारा माणूस एक तर निर्दोष असतो नाही तर निगरगट्ट. यातला कोण कोणता, हे ओळखायलाच फौजदाराला पगार मिळतो.

त्याची बायको रोज भाकरी घेऊन यायची. पहिले काही दिवस रडली. मग रडणे सोडून तिने हवालदाराला फैलावर घेतले. "गावात कुनी त्येच्या हातात पाना द्याला तयार न्हाय आता," ती मला म्हणाली. "तुमी सोडलासा तरी आमचं काय ऱ्हायलंय, अण्णा? मानसं मारनारा मिस्त्री म्हनत्यात." फौजदाराला अण्णा म्हणणारी ती पहिलीच. मला तो शब्द लागला, हे खोटे कशाला सांगू?

मी मोटार ठाण्यापुढे उभी करून तपासून घेतली. कॅम्पातून दुसरा जाणकार आणून चाक, ब्रेक सगळे पाहिले. बिघाड नव्हता. हात सुटला तर जुनी मोटार डावीकडे ओढते एवढेच तो म्हणाला, आणि ते तर मालकालाही ठाऊक होते. मग उतारूंच्या जबान्या घेतल्या. मोटारभर माणसे, पण मोटार रस्ता सोडताना पाहिलेला एकही नाही. सगळ्यांची जबानी सारखीच, दिवे लागले आणि मोटार शेतात. एवढ्या माणसांना एकदम काहीच कसे दिसत नाही? दुसऱ्या मालकाने सगळ्यांना फितवले असेल, असाही संशय मला आला. फक्त काकतीची एक म्हातारी म्हणाली, "म्या डोळं उघडलं तवर मोटार जुंधळ्यात हुती." ती डुलकी घेत असणार, म्हणून मी तिला घरी पाठवले.

ड्रायव्हर पन्नाशीचा, निर्व्यसनी, सगळे त्याला मामा म्हणत. त्याला विचारले, "मामा, त्या वेळी हात कुठे होते?"

"चाकावर, साहेब. आनि कुटं असत्याल?"

हवालदाराचे मत वेगळे होते. "त्या वळणाची जागाच वाईट, साहेब. एक नारळ देऊन बघू." मी त्याला म्हटले, सरकार नारळाचा खर्च मंजूर करत नाही.

शेवटी ठरवले, मोटार पुन्हा रस्त्यावर सोडायची आणि आपणच बसून बघायचे. मी साधे धोतर आणि कोट घातला. हवालदाराला मुंडासे बांधायला लावले. निपाणीहून आम्ही दोघे मोटारीत चढलो, अगदी ड्रायव्हरच्या पाठीमागे. हवालदाराला सक्त ताकीद दिली, "काही झाले तरी मामाच्या हातांवरून नजर काढायची नाही."

यमकनमर्डी मागे पडली. ऊन कलले, शेतांवर सावल्या पसरल्या. मामाचे दोन्ही हात चाकावर, नजर समोर. माझी नजर त्याच्या हातांवर. वळण जवळ आले, तसा त्याने खटका दाबला. रस्ता पांढराशुभ्र उजळला.

आणि मोटार हादरली, उडाली, कडाकडा धाटे मोडत गेली आणि थांबली.

मी डोळे उघडले. होय, उघडले. आधी मला दिसले ते माझे स्वतःचे हात, छातीशी जोडलेले. मग शेजारी पाहिले. हवालदार मुंडाशासकट मान लववून हात जोडून बसलेला. मागे वळलो, तर सगळी मोटार हात जोडून. पुढे मामा. त्याचेही दोन्ही हात कपाळाशी जोडलेले आणि चाक बिचारे मोकळे.

"हवालदार, काय पाहिले?"

"दिवं लागलं, साहेब. मग नमस्कार केला."

"मामा, हात कुठे होते?"

"चाकावरच हुतं, साहेब," मामा म्हणाला. अजून हात जोडलेलेच होते. मग त्याने त्यांच्याकडे असे पाहिले, जसे ते कुणी त्याच्या खांद्याला परस्पर जोडून दिले असावेत.

प्रकरण तिथेच उलगडले. घरात सांजेला दिवा लागला की डोळे मिटून हात जोडायचे, हे आपल्याला पाळण्यात शिकवलेले. कार्बाइडच्या दिवसांत मामा खाली उतरून दिवे लावी, नमस्कार करी, मग चाकावर येई. तेव्हा मोटार उभी असायची. नव्या खटक्याने उतरणे वाचवले, नमस्कार मात्र तसाच राहिला. थंडीचे दिवस, सूर्य लवकर मावळू लागला आणि दिवेलागण नेमकी त्या वळणावर येऊ लागली. खटका नवा होता तेव्हा ती पुढच्या सरळ रस्त्यावर होई, तेव्हा देव सांभाळून घेत होता.

अहवाल इंग्रजीत लिहावा लागला. आमच्या गोऱ्या साहेबाने तो दोनदा वाचला आणि विचारले, "सगळ्यांनी हात जोडले?" मी म्हटले, सगळ्यांनी. "फौजदारानेही?" मी म्हटले, त्यानेही. साहेबाने अहवाल तिसऱ्यांदा वाचला आणि सही केली.

जी गोष्ट सगळेच करतात ती जबानीत कुणी सांगत नाही, हे मला त्या दिवशी कळले. ते खोटे बोलत नसतात, त्यांना ती सांगण्यासारखी वाटतच नाही. पुढे नोकरीभर मी साक्षीदाराला आधी हेच विचारीत आलो, की रोज या वेळी तू काय करतोस. त्या एका प्रश्नाने मला पुष्कळ गुन्हे उकलून दिले. काकतीच्या म्हातारीलाही जाऊन भेटलो. ती म्हणाली, "म्या सांगिटलंतं की."

मिस्त्रीला सोडले तर तो लॉकअपातून उठेना.

"मी सुटलो, हे गावाला कोन सांगनार?" तो म्हणाला.

तेवढ्यात मालक आला, जरा खाली मान घालून. मामाने नमस्कार सोडायला साफ नकार दिला होता, आणि नमस्काराशिवाय दिवा लावलेला मालकालाही चालणार नव्हता. तेव्हा खटका बसल्या जागेवरून काढून बाहेर, दिव्यापाशी बसवायचा, म्हणजे मोटार थांबवून उतरावेच लागेल, असे ठरले. मुंबईहून आणलेली सगळी सोय गेली, उजेड तेवढा राहिला. मिस्त्री म्हणाला, काम करतो, पण निपाणीच्या स्टँडवर, लोकांच्या देखत, आणि आधी मालकाने तोंडाने सांगायचे.

मालकाने सांगितले. स्टँडवर, तंबाखूच्या व्यापाऱ्यांपुढे, घसा खाकरून. "मिस्त्रीची चूक न्हवती. माझी बोलन्यात चूक झाली." चहावाला तेवढ्यात कपबशा धुवायला आत गेला.

त्या दिवशी मी वर्दीत पुढे बसलो. मिस्त्री आणि त्याची बायकोही मोटारीत होती. दिवेलागणीला मामाने मोटार थांबवली आणि मिस्त्रीला म्हणाला, "आज तू लाव रं."

तो उतरला, खटका दाबला, दिवे लागले. त्याला माणसे मारणारा म्हणणारी ती सगळी माणसे हात जोडून बसली. मीही हात जोडले, पण या वेळी डोळे मिटले नाहीत. म्हणून मला दिसले. मिस्त्री दिव्यांकडे बघतच नव्हता. उजेडाच्या कडेला उभा राहून तो हात जोडलेल्या त्या माणसांकडे बघत होता आणि तेलकट फडक्याने डोळे पुसत होता. मामानेही घाई केली नाही. मिस्त्रीचे डोळे पुसून होईपर्यंत मोटार तशीच उभी राहिली.