तळाला धरून राहिलेले

गल्ली त्यांना डबकेवहिनी म्हणे आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. नवरा गेल्यावर त्याचा धंदा त्यांनी उचलला होता: कॉलेजांना प्रयोगासाठी जिवंत अमीबा पुरवायचे. तळ्यातली कुजकी पानं बाटलीत भरून आणायची, मागच्या खोलीत पसरट काचेच्या भांड्यांत निवळलेलं पाणी घ्यायचं, त्यात उकडलेले गव्हाचे दाणे टाकायचे. दाण्यांवर बारीक जंतू पोसायचे आणि त्या जंतूंवर अमीबा. लोक डबकं दिसलं की नाक मुरडतात, वहिनी थांबून वाकून बघत.

ही खोली धाकट्या दिरांच्या डोळ्यांत खुपत होती. त्यांना तिथे भाडेकरू हवा होता.

"घराण्याच्या अब्रूचं काही आहे की नाही, वहिनी? लोक म्हणतात, तुमच्याकडे घाण पाळतात."

"घाण नाही भाऊजी, अमीबा. आणि घराण्याचं म्हणाल तर त्यांचं एक घराणंच नाही." या विषयावर वहिनींना फक्त निमित्त लागे. "पूर्वी पुस्तकात सगळ्यांना एका पंगतीत बसवायचे, एकपेशीय प्राणी म्हणून. आता कळलंय, तसं नाही. कुणी उघडे, कुणी कवचात राहणारे. त्यातले काही आपल्याला वनस्पतींपेक्षाही जवळचे, काही कुठल्या कुठे लांबचे. सारखी आहे ती नुसती चाल. अंगाचाच एक भाग पुढे ओतायचा, तोच पाय, आणि त्याच्यामागून आपण जायचं."

"मला शिकवू नका. एकटी बाई हे किती दिवस रेटणार? पुढच्या महिन्यात कॉलेजची परीक्षा आहे ना? तिच्यासाठीची अमीबांची ऑर्डर चुकली की खोली माझी. कबूल?"

"कबूल!" वहिनी ताडकन म्हणाल्या. माघार घेणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

दिरांना मात्र धीर नव्हता. वहिनी तळ्यावर गेल्या आहेत असं बघून ते खोलीत शिरले आणि सगळी भांडी गटारात रिकामी केली. लहान भांडी साबणाने घासून पुसून ठेवली. मोठं भांडं जड होतं, ते नुसतं ओतलं आणि तसंच टेबलाखाली सरकवलं. वहिनी दारात आल्या तेव्हा हे हात पुसत उभे.

"खोली स्वच्छ करून दिली बघा."

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांची पैदास या माणसानं एका दुपारी धुऊन टाकली होती. त्यांना रडू येत होतं, पण याच्यासमोर रडायचं? छे! त्यांनी ओणवून मोठ्या भांड्यात हात घातला. तळ ओला होता.

आणि त्या चक्क हसल्या.

दिरांना वाटलं होतं, अमीबा माशासारखे पाण्यात पोहत असणार, पाणी गेलं की तेही गेले. पण अमीबा पोहत नाही, तळाला धरून सरपटतो. भांड्यातलं पाणी बदलायचं झालं की वहिनी स्वतः असंच करत, जुनं पाणी झपकन ओतून नवं घालत. दिरांनी फुकटात त्यांचं कामच केलं होतं.

वहिनींनी ताजं पाणी घातलं, तळाचा थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. फार नव्हते. पण एक करडा जीव हळूहळू पाय काढत होता. आत केंद्रक, आणि शेजारी एक बुडबुडा फुगत होता. अंगात शिरलेलं जादा पाणी त्यात साठलं आणि फटकन बाहेर पडलं. गड्याचा पंप चालू होता.

"चार-दोन उरले असतील. त्यांनी काय होतंय?" दीर म्हणाले.

"पुष्कळ होतंय. त्याला जोडीदार लागत नाही, भाऊजी. पोटभर खातो, मग आधी केंद्रक दुभंगतं, पाठोपाठ अख्खा जीव. एकाचे दोन, दोनाचे चार. एकट्यानं निभतं त्याचं. आणि माझंही."

त्या दिवसापासून खोलीला कुलूप लागलं. वहिनी रोज भिंगाखाली बघत, दाणे बदलत, आणि दीर समोर दिसले की मुद्दाम गुणगुणत.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्या भरलेल्या बाटल्यांचं खोकं छातीशी धरून निघाल्या. दीर उंबऱ्यातच उभे होते. भाडेकरूला त्यांनी काय शब्द दिला होता कोण जाणे, चेहरा पार उतरला होता.

"बाजूला व्हा भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "आणि जरा दार धरा. माझे हात भरलेत."

दिरांनी दार धरलं.