टाकीतली चंद्ररात्र

मावशींचा जन्म शिलाईत गेला. आधी पडदे, मग गाद्यांच्या खोळी, आणि नवरा गेल्यावर प्रयोगशाळेत चंद्रावर जाणाऱ्या यंत्राचं चंदेरी पांघरूण.

"लोखंडाला कसली आलीय थंडी?" त्यांनी विचारलं होतं.

"मावशी, चंद्र स्वतःभोवती फार सावकाश फिरतो," इंजिनीयर मुलगी म्हणाली. "तिथला दिवस आपल्या चौदा दिवसांएवढा, रात्रही तेवढीच. ऊब धरून ठेवायला हवा नाही. दिवसा जमीन उकळत्या पाण्याहूनही जास्त तापते आणि रात्री अशी गारठते, की त्यापुढे बर्फ ऊबदार वाटावा."

"म्हणजे तिथली रात्रपाळी वैऱ्यावरही येऊ नये!"

हे दिवसरात्र प्रयोगशाळेत एका खोलीएवढ्या लोखंडी टाकीत घडवत. प्रखर दिवे लावले की दिवस. दिवे बंद करून भिंतींतल्या नळ्यांत गारठवणारा द्रव सोडला की रात्र. मग पंप आतली हवा ओढून घेई.

त्या दुपारी पांघरुणाचा एक टाका उसवलेला दिसला. मावशी आत शिरल्या आणि यंत्रामागे वाकून शिवत बसल्या. पाळी बदलली. नव्या माणसाने टाकीत वरवर डोकावून दार लावलं.

दिवे गेले. संध्याकाळ नाही, संधिप्रकाश नाही. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख.

"अहो, मी आहे आत!" मावशी ओरडल्या. कात्रीने भिंत बडवली. दार जाडजूड, बाहेर यंत्रांची घरघर. कोण ऐकणार? भिंतीला हात लागला आणि त्यांनी तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. दात वाजू लागले. आता हवा जाणार, एवढंच डोक्यात घोंघावत होतं. लेकीला सकाळी उगाच रागावले, हेही आठवलं.

अन् एकदम त्यांना तारा सुचल्या. तापमान सांगणाऱ्या तारांची टोकं त्यांनीच पांघरुणात टाके घालून बसवली होती, आणि आकडे बाहेर पडद्यावर दिसत. चाचपडत एक टोक सापडलं. मुठीत ते आवळून त्या त्यावर फुंकर घालत राहिल्या. पाय बधिर झाले, तरी मूठ सोडली नाही.

बाहेर पडद्यासमोर बसलेली इंजिनीयर मुलगी म्हणाली, "रात्र लावलीय आणि हा आकडा वर का चढतोय?" मग किंचाळलीच, "थांबवा! आत कुणीतरी आहे!"

दार उघडलं तेव्हा मावशींना उभं राहता येईना. मुलगी त्यांना बिलगून रडत राहिली.

पुढे कितीतरी दिवस मावशी घरात दिवा लावून झोपत. टाकीच्या वाटेलाही जात नसत. एकदा पुन्हा टाका उसवला, तेव्हा दाराशी त्यांचे पाय अडले.

"जाते मी," मावशी मुलीला म्हणाल्या, "पण दारात तू स्वतः उभी राहा. आणि माझ्याशी बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही बोल गं. गप्प मात्र होऊ नकोस."