ङचा रॅक

माणसाच्या स्मृतीहून टिकाऊ असं काहीतरी मागे ठेवणं हे प्रत्येक व्यवसायाचं आद्य कर्तव्य आहे. हे वाक्य मी व्यापाऱ्यांच्या एका मेळाव्यात ऐकलं. प्रमुख पाहुण्यांनी ते दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा माईक बंद होता. पुढे आभार मानताना त्यांना अध्यक्षांचं नाव आठवेना. अध्यक्षांनी स्वतःच चिठ्ठी लिहून व्यासपीठावर सरकवली.

एरवी मी हे वाक्य चहाबरोबर घेतलं असतं आणि घरी येईपर्यंत विसरलोही असतो. पण त्याच आठवड्यात दुकानात एक प्रकार घडला होता.

आमचं दुकान बंदराच्या रस्त्यावर आहे. मासेमारीच्या बोटींच्या इंजिनांचे सुटे भाग आम्ही विकतो. वडिलांनी सुरू केलं, मी चालवतो, म्हणजे गल्ल्यावर बसून पुस्तक वाचतो. दुकान खरं मागच्या गोदामात आहे, आणि गोदाम काकांच्या डोक्यात आहे. काका म्हणजे आमचे स्टोअरकीपर. नात्याचे कोणी नाहीत, पण मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासून ते इथे आहेत, त्यामुळे ते मला अरे-तुरे करतात आणि मी त्यांना अहो-जाहो.

गोदामात नऊ रॅक आहेत. वडिलांनी प्रत्येकावर लाल रंगाने एकेक अक्षर काढलं होतं, क पासून झ पर्यंत. कपलिंग 'क'वर, खिळे 'ख'वर, गास्केट 'ग'वर, घासकागद 'घ'वर, इतपत पद्धत नीट चालली. मग आला ङ. ङने सुरू होणारं सामान वडिलांना काही सापडलं नाही. वर्णमालेतलं अक्षर गाळणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, तेव्हा रॅक रंगवला आणि रिकामा ठेवला. चपासून मात्र त्यांनी तत्त्व सोडून दिलं आणि जागा मिळेल तिथे माल कोंबला. वडील गेले, गोदामात पाय ठेवायला जागा उरली नाही, तरी ङवर कोणी काही ठेवलं नाही. का, ते विचारू नये. काही ठिकाणी देवाच्या नावाने झाड सोडतात, तसं.

बंदरावरचा माणूस कधी पार्टचा नंबर सांगत नाही. तो तुटलेला तुकडा फडक्यात गुंडाळून आणतो, नाहीतर टोपणनाव सांगतो. क्लचची प्लेट म्हणजे भाकरी. भोकाभोकांचं गास्केट म्हणजे आंबोळी. पाण्याच्या पंपाचा वाकडा तांब्याचा पाइप म्हणजे कोंबडीची मान. ही नावं कुठे लिहिलेली नाहीत. ती काकांना पाठ आहेत, आणि कुठली आंबोळी कुठल्या इंजिनाला बसते, हेही.

तर झालं असं. पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या आधीचे शेवटचे दिवस होते. एका बोटीचा तांडेल घाईघाईने आला. म्हणाला, "काका, कोंबडीची मान द्या बगू. पंप गळतोय, बोट धक्क्याला उभी हाय."

काका आत गेले. वीस मिनिटं झाली. मी बघायला गेलो तर ते गच्या रॅकवर हात ठेवून उभे होते. एसटीची वाट बघणारा माणूस खांबावर हात ठेवून उभा राहतो, तसे. मला बघून म्हणाले, "संपली."

तांडेल दुसरीकडे गेला. त्याचा दिवस फुकट गेला. चार दिवसांनी मला गच्याच रॅकवर, बिस्किटांच्या डब्यात, सात माना सापडल्या. मी डबा होता तिथे ठेवला आणि काही बोललो नाही. त्यानंतर मेळाव्यात ते वाक्य ऐकलं.

पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, तुम्हाला आयटी जनरलिस्ट पाहिजे."

"म्हणजे?"

"ज्याला सगळं थोडं थोडं येतं असा माणूस."

"तसा मी आहेच."

"कॉम्प्युटरमधलं, मामा."

स्थानिक पेपरात जाहिरात दिली. 'संगणकाची सर्व कामे येणारी व्यक्ती पाहिजे. माशांच्या वासाची अडचण नसावी.' काकांना मी सांगितलं की दुकानाची वेबसाइट करायची आहे, त्यासाठी माणूस घेतोय. काका म्हणाले, "घे." आणि मुलाखतींच्या वेळी स्वतःचं स्टूल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले.

पहिला उमेदवार टाय लावून आला होता. मे महिना होता. त्याला पाणी दिलं. ते पिऊन त्याने मला विचारलं, "सर, तुमचं व्हिजन काय आहे?" मी म्हटलं, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पावसाळ्यानंतर काढतील. त्याने ते लिहून घेतलं. दुसऱ्याकडे प्रमाणपत्रांची जाड फाइल होती. आमच्या प्रिंटरमध्ये दीड महिन्यापासून कागद अडकला होता, तो काढशील का, असं विचारल्यावर त्याने फाइल मिटली आणि हे हार्डवेअरमध्ये येतं, असं मला समजावलं. तिसरा राजापुराहून घरबसल्या काम करणार होता, म्हणून मुलाखतही फोनवरच. त्याचा आवाज तीनदा गेला. चौथ्यांदा तोही गेला.

चौथी बाई होती. चाळिशी ओलांडलेली, पाली गावची सून. नवरा जहाजावर. नवी मुंबईत एका मोठ्या कंपनीत पंधरा वर्षं लोकांचे बंद पडलेले कॉम्प्युटर फोनवरून चालू करून देत होती. सासूबाई अंथरुणाला खिळल्या म्हणून घरी आली होती. तिने प्रमाणपत्रं काढली नाहीत. टेबलावरचा प्रिंटर जवळ ओढला, मागचं झाकण उघडलं, कागद काढला, आणि बोलता बोलता विचारलं, "इथे सगळ्यात जास्त काय बंद पडतं?"

"मालक," काका म्हणाले.

ती हसली नाही. "ते रीस्टार्ट होतात का?"

"चहा दिल्यावर."

काका मला म्हणाले, "हिला घे." मी घेतलं. आपल्याला काय हवंय हे मी तिला दुसऱ्या दिवशी काका जेवायला गेल्यावर सांगितलं. काका विसरायला लागलेत; त्यांच्या डोक्यात जे आहे ते जायच्या आत कॉम्प्युटरमध्ये आलं पाहिजे; आणि हे त्यांना कळता कामा नये. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि आल्यानंतर काकांचं काय, सर?" मला कोणी सर म्हणण्याइतकं मी जन्मात कोणाला काही शिकवलेलं नाही. मी म्हटलं, बघू. हे उत्तर नव्हे हे तिलाही कळलं.

पहिल्या महिन्यात तिने इन्व्हर्टर दुरुस्त केला, वजनकाट्याची वायर बदलली, आणि कॅमेरा साफ केला, जो बराच काळ कोळ्याच्या जाळ्यावर नजर ठेवून होता. मग प्रत्येक वस्तूला बारकोडचे स्टिकर लावले. खाऱ्या दमट हवेत ते आठ दिवस टिकले. एका सकाळी गोदाम उघडलं तर सगळे स्टिकर जमिनीवर पानगळ झाल्यासारखे पडलेले.

काका म्हणाले, "बाय, इथे लोखंड टिकत नाय, तुझा कागद काय टिकणार?"

तेव्हा तिने साधा मार्ग धरला. रोज अकरा ते साडेबारा लॅपटॉप घेऊन रॅकसमोर बसायचं. काका एकेक वस्तू हातात घेणार, सांगणार, ती लिहिणार. नाव, टोपणनाव, इंजिन, रॅक, खण. शेवटी शेरा. कच्या रॅकपासून सुरुवात झाली.

काकांना वाटलं हे वेबसाइटसाठी चाललंय. निदान मला तसं वाटत होतं.

दिवाळीच्या सुमाराला क आणि ख पूर्ण झाले. एक दिवस काका बँकेत गेले असताना धक्क्यावरून फोन आला: मोठी भाकरी पाहिजे, जुन्या इंजिनाची, आहे का? तिने दोन अक्षरं टाइप केली. "क, तिसरा खण, मागे." तिथेच होती. गिऱ्हाइकाला पाच मिनिटांत माल मिळाला. मी इतका खूश झालो की काका आल्याबरोबर त्यांना ही हकिकत सांगितली. शहाणा माणूस असं करत नाही.

काका म्हणाले, "बरं झालं."

दुसऱ्या दिवसापासून काम मंदावलं. काकांचा घसा बसला. मग चष्मा घरी राहिला. मग एक आख्खी सकाळ एका नटावर गेली. "उद्या सांगतो" हे वाक्य मी त्या पंधरवड्यात इतक्या वेळा ऐकलं, की मला माझीच आठवण झाली.

मी तिला विचारलं, "फारच विसरायला लागले का?"

"काही आठवत नाही, हे खरंय," ती म्हणाली. "पण पुष्कळसं आठवतं, आणि ते सांगत नाहीत."

"फरक कसा कळतो?"

"आठवत नसलं की ते गोष्ट सांगतात. हा पार्ट जयगडच्या कोणी नेला, तो कसा होता, त्याच्या सुनेने त्याला घरातून कसं काढलं. सांगायचं नसलं की गप्प बसतात." मग म्हणाली, "पंधरा वर्षं मी फोनवर हेच ऐकलंय, सर. मशीन बिघडलंय की माणूस घाबरलाय, ते आवाजावरून कळतं."

त्या संध्याकाळी मी गोदामात गेलो. काका गच्या रॅकसमोर स्टुलावर बसले होते. काय बोलायचं ते मी गल्ल्यापासून तिथे पोचेपर्यंत ठरवलं होतं, आणि पोचल्यावर विसरलो.

काकाच म्हणाले, "यादी संपली की मी घरी जायचा ना?"

"असं कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पायजे? बोटीला अचानक नवा रंग काढायला लागले, की समजायचं, विकायची हाय."

"काका, ते वेबसाइटचं..."

"सात माना होत्या," ते म्हणाले. "मला दुसऱ्या दिवशी आठवलं. डब्यावरचं चित्र कायम बाहेर असतं. तू ते भिंतीकडे करून ठेवलंस." मग म्हणाले, "मी काय बोललो नाय. म्हटलं, तुला वाईट वाटेल."

म्हणजे एवढे दिवस दोघं एकमेकांना सांभाळत होतो, आणि त्यासाठी पगार देऊन तिसरं माणूस ठेवलं होतं. मी डबा उचलला आणि चित्र बाहेर करून ठेवला.

"घरी काय करू?" काका म्हणाले. "सून चांगली हाय. बसा म्हणते. दिवसभर बसा म्हणते."

मी कंटाळलेला माणूस आहे. मोठी वाक्यं ऐकून ऐकून मला ती बोलता येत नाहीत. मी एवढंच म्हणालो, "यादी संपेपर्यंत कोणी कुठे जात नाही."

मी हे धीर द्यायला म्हटलं. काकांनी ते करारासारखं घेतलं. त्यांनी मान वर करून एकेक रॅक बघितला, गपासून झपर्यंत, ओठ हलवत. मग उठून दिवा बंद केला आणि म्हणाले, "चल, उशीर झाला."

तेव्हापासून काम पुन्हा सुरू झालं. घसा सुटला, चष्मा सापडला. पण वेग काकांचा. प्रत्येक वस्तूचा शेरा आता चांगला परिच्छेदभर असतो. मी अधूनमधून वाचतो. 'आंबोळी, धाकटी. हातखंब्याच्या गॅरेजवाल्याने ट्रकला बसवून पाहिली, बसली. परत करायला आला नाही.' 'नथ, म्हणजे सर्क्लिप. काढताना उडते. दोनदा डोळ्याजवळून गेली आहे.' 'हा पार्ट कशाचा ते आठवत नाही. टाकू नये.' शेवटचा शेरा तिने काकांच्याच शब्दांत लिहून ठेवलाय, आणि तो यादीत अनेक ठिकाणी आहे. पूर्वीपेक्षा अलीकडच्या पानांत जास्त आहे. ती हे मला दाखवत नाही, मी तिला विचारत नाही. काका आत जाऊन रॅकसमोर थबकले, की ती बाहेरूनच हाक मारते, "काका, दुसरा खण, डावीकडे," आणि ते म्हणतात, "माहीत हाय गो, तिथेच चाललो होतो."

वेबसाइट झालेली नाही. भाचा फोनवर विचारतो, डिजिटायझेशन कुठवर आलं. मेळाव्यात एकदा मलाच दोन शब्द बोलायला सांगितलं, छोट्या व्यवसायातलं तंत्रज्ञान या विषयावर. मी मोतीबिंदूचं कारण दिलं. तो काढून वर्ष झालं होतं.

दोन वर्षांत क, ख, ग, घ हे चार रॅक यादीत आले. गेल्या सोमवारी घचा शेवटचा खण संपला आणि काकांनी स्टूल उचलून पुढच्या रॅकसमोर नेऊन ठेवलं. हा ङचा रॅक. त्याच्यावर काही नाही. काका म्हणतात, याला तीन महिने तरी लागतील.