सिस्टर का थांबतात?

आमच्या आळीतल्या सिस्टरांना कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायला पाऊण तास लागायचा. कोपरा तो केवढा लांब? माझ्या शिलाई मशीनवर बसून दिसतो! मी एका ब्लाऊजचे दोन्ही हात जोडून मोकळी व्हायचे, तरी ही बाई आपली सावंतांच्या फाटकापाशीच. पिशवी काखोटीला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि मान वाकडी करून भिंतीकडे बघत उभी. दहिवलीत आम्ही नवीन राहायला आलो, तेव्हा मी शेजारणीला विचारलंसुद्धा, "या बाई कुणाच्या घरावर टपून आहेत का हो?" ती म्हणाली, "छे, त्या आपल्या सिस्टर. बघतात." काय बघतात, ते काही तिला सांगता येईना.

सिस्टर मूळच्या पोशीरच्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म गेला. नवरा लवकर गेला, मुलगा मिलिंद पुण्याला. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढे ताजं फूल आणि मागच्या दारी पेरूचं झाड, एवढा त्यांचा संसार. "वॉर्डात नुसती पळाले गं मी," त्या सांगायच्या. "पेशंटचं तोंड कधी बघितलं नाय, सलाईनची बाटली तेवढी बघितली. आता जरा तोंडं बघते." आता माझ्या पायाला भिंगरी आणि जिभेला धार. मला या बाईचा सुरुवातीला रागच यायचा.

एकदा नवरीचा ब्लाऊज पोचवायला मी धावत निघाले होते. सिस्टरांनी माझं मनगट धरलं आणि सावंतांच्या वेलापाशी उभं केलं. सावंत आणि पाटील शेजारी, पण सांडपाण्यावरून दोघांचं असं वाजलेलं की बोलाचाल बंद. सावंतांचा भोपळ्याचा वेल मात्र खुशाल पाटलांच्या खिडकीच्या ग्रिलवर चढला होता आणि तिथे चांगला गरगरीत भोपळा धरला होता.

"बघ."

"बघितला. भोपळा आहे. सोडा हो, मला उशीर होतोय."

"आंधळी हायेस का गं? त्याच्या खाली बघ."

खाली जुन्या ओढणीची झोळी बांधली होती, वजनाने देठ तुटू नये म्हणून. गाठ ग्रिलच्या आतल्या बाजूने होती. म्हणजे पाटीलबाईंनीच बांधलेली!

"आणि म्हणं बोलत नाय एकमेकांशी," सिस्टर तोंडाला पदर लावून हसल्या. नवरीच्या आईने मला उशिरावरून चार शब्द सुनावले. पण संध्याकाळी मी मुद्दाम जाऊन तो भोपळा पुन्हा बघून आले.

मग एके दिवशी मिलिंदचा फोन आला. "शुभाताई, आई फोनवर तेच तेच विचारते. तुम्ही समोरच असता म्हणून विचारतो, ती रस्ता चुकते का हो? तसं असेल तर मी तिला इकडे घेऊन येतो." मी काय सांगणार, कप्पाळ! चालतं-बोलतं माणूस थांबायला लागलं तर चटकन कळतं. पण जे माणूस कायमच थांबतंय, त्याचं थांबणं बिघडलंय हे ओळखायचं कसं? चार दिवस खिडकीतून नुसती बघत राहिले. कधी वाटायचं, बाई ठणठणीत आहे. कधी वाटायचं, मिलिंदचंच खरं. शेवटी एका संध्याकाळी त्यांच्याबरोबर फिरायलाच निघाले.

गॅरेजपाशी रस्त्याला दोन फाटे फुटतात. तिथे सिस्टर थांबल्या. मीही शहाण्यासारखी थांबून बघू लागले. गॅरेजवाल्या अन्वरभाईंनी जुन्या टायरात लावलेली सदाफुली, दुरुस्तीला आलेल्या स्कूटरच्या सीटवर पसरलेली मांजर.

"मांजर बघताय ना?" मी विचारलं.

"मांजर नाय गं," त्या हळूच म्हणाल्या. "रस्ता येत नाय. थांब जरा, येईल." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "सवय हाय ना माजी थांबायची, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाय."

इतक्यात अन्वरभाईंनी स्कूटरखालून डोकं वर काढलं. "काय सिस्टर, पेरू पिकले का? सकाळी पोपट त्या अंगाला गेलेत, बघा जाऊन," असं म्हणून हातातला पाना डावीकडे केला. "ठेवते हो तुमच्यासाठी," असं म्हणत सिस्टर डावीकडे वळल्या. मी अन्वरभाईंकडे बघितलं. "रोज कायतरी विचारतो," ते एवढंच बोलले आणि कामाला लागले. म्हणजे ध्यानात सगळ्यांच्या आलं होतं. पत्ता नव्हता तो मलाच!

रविवारी मिलिंद आला. "आई बरी आहे" असं सरळ ठोकून द्यायचं, असं मी ठरवूनच गेले होते. तोंड उघडणार, तोच चहा गाळता गाळता सिस्टरच म्हणाल्या, "हरवते मी. खरं हाय ते. पण इथं हरवले तर अन्वर पेरू विचारतो, पाटलीण खिडकीतनं हाक मारते. तुज्या चौदाव्या मजल्यावर मला पेरू कोण विचारील रं?"

मिलिंदचे डोळे भरून आले. त्या दिवशी तो एकटाच परत गेला.

पुढे एक पावसाळा आळीने त्यांना सांभाळलं. पण हिवाळ्यात एका पहाटे त्या पळसदरी स्टेशनावर सापडल्या, अनवाणी, थंडीने कुडकुडत. पहाटे कोण खिडकीत उभं राहणार? मिलिंद न्यायला आला. आई आपल्याजवळ असावी असं त्याला वाटलं, तर त्यात त्याचं काय चुकलं? आणि आमचं तरी काय चुकलं? या प्रश्नाचा गुंता मी अजून सोडवतेच आहे.

निघताना त्या पांढऱ्या साडीत गाडीजवळ उभ्या राहिल्या. सावंतीण आणि पाटलीण आपापल्या दारात होत्या, अन्वरभाई हात पुसत आले होते. सिस्टरांनी एकेक घर, एकेक माणूस सावकाश बघितलं. आम्हाला वाटलं, निरोप घेतायत. मग त्या माझ्यापाशी आल्या. मला जन्मात कधी त्यांनी अहो-जाहो केलं नव्हतं.

"तुमी इथंच राहता का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी कसंबसं म्हणाले.

"किती छान आळी हाय हो तुमची! नशीबवान हाय तुमी." आणि त्या गाडीत जाऊन बसल्या.

मी फाटक धरून ढसाढसा रडले. त्या आम्हाला विसरल्या म्हणून रडले, की पहिल्यांदाच बघत असूनही आम्ही त्यांना आवडलो म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.