खंडेनवमीला तुफानच्या माथ्यावर

पेठचा घाट उतरून आमची बस कपराड्याच्या वळणांना लागली तेव्हाच मला कळून चुकलं, की कुठलाही रोलर कोस्टर कितीही जीव तोडून फिरला तरी याच्यापुढे फिकाच पडणार. इथे पट्टा नव्हता, छातीवर येणारी दांडी नव्हती, धरायला होता तो फक्त पुढच्या बाईंचा अंबाडा, आणि तोही त्यांना आवडत नव्हता. दर वळणाला मागच्या रांगेतून कुणीतरी देवाचं नाव घेत होतं. इतका मनापासून प्रतिसाद परदेशातल्या नामांकित कोस्टरलाही मिळताना मी पाहिलेला नाही.

हे मी उगाच बोलत नाही. निवृत्त होईपर्यंत मी शाळेत भूगोल शिकवला आणि तेव्हापासून जिथे जाते तिथला रोलर कोस्टर शोधून त्यात बसते. हा छंद ऐकला की लोक आधी माझं वय विचारतात आणि मग डॉक्टरचं नाव. मला मात्र या विषयात पक्की मतं आहेत. उंची आणि वेग या गोष्टी जाहिरात करणाऱ्यांनी डोक्यावर चढवून ठेवल्या आहेत. खरी मजा असते साखळीवरून टकटक करत वर चढताना, कारण तेव्हा परतीचा रस्ता बंद झालेला असतो. आणि बसायचं ते शेवटच्या रांगेत. पुढचे डबे माथा ओलांडून खाली निघालेले असतात आणि आपल्याला कुणीतरी कॉलर धरून मागोमाग ओढून नेतं. बाकी गुळगुळीत, सुरक्षित, मानेला उशी लावलेला कोस्टर म्हणजे मॉलमधला सरकता जिना, फक्त त्यात केस विस्कटतात.

या खेपेला मात्र मी कोस्टरसाठी निघालेच नव्हते. मी अक्काला आणायला निघाले होते. अक्का माझी थोरली बहीण. दाजी सिल्वासाजवळच्या मसाटच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे प्रमुख होते. गेल्या दिवाळीनंतर ते अचानक गेले, आणि अक्का सिल्वासाच्या डोकमर्डीतल्या फ्लॅटमध्ये एकटी राहिली. तिची लेक बंगळुरूला असते. ती रोज फोनवर काळजी करते, पण काळजीच्या पुढचं काम माझ्याकडे असतं. नाशिकला माझ्या घरी अक्कासाठी खोली लावून ठेवली होती. दसऱ्याच्या सकाळच्या परतीच्या बसची दोन तिकिटं काढली होती. फक्त अक्काने अजून "हो" म्हटलेलं नव्हतं, ही किरकोळ बाब मी हिशेबात धरली नव्हती.

सिल्वासा (जुनी माणसं अजून सेलवासच म्हणतात) आलं ते कंटेनरच्या मागोमाग. अक्का थांब्यावर उभी होती. वाळली होती. रिक्षात मी नाशिकच्या हवेचं कौतुक सुरू केलं, तिने रिक्षावाल्याला गुजरातीत डावीकडे वळायला सांगितलं. घरी जेवताना मी खोलीच्या खिडकीचं वर्णन केलं. तिने मला आणखी आमटी वाढली.

"अक्का, बॅग भरायला घेऊ या का?"

"उद्या खंडेनवमी आहे," ती म्हणाली. "कंपनीत मशीनची पूजा असते. पूजा झाली की सगळ्यांना घरच्यांसकट कुठेतरी नेतात. या वर्षी सामरवरणीच्या पुढे नवीन पार्क झालंय, तिथे. मलाही बोलावलंय. तू त्या झोपाळ्यांची एवढी जाणकार ना? चल."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कंपनीच्या बसने पार्कात पोचलो. दारातच सगळ्यांच्या हातात फाफडा (बेसनाच्या लांब, तळलेल्या पट्ट्या) आणि जलेबी देण्यात आली. दसऱ्याला हे खायचा गुजराती रिवाज आहे, आणि कंपनीने तो एक दिवस आधीच पाळला. तेलकट फाफडा, वर पाकातली जलेबी आणि त्यावर लगेच रोलर कोस्टर, असा बेत आखणाऱ्या माणसाला मी मनोमन नमस्कार केला.

कोस्टरचं नाव होतं तुफान. दुरून तो एखाद्या बांधकामाला लावलेल्या परांचीसारखा दिसत होता, आणि जवळ गेल्यावर तो गैरसमज दूर झाला नाही. पण मंडळी खूश होती. पुण्याचे कुलकर्णीसाहेब आता दाजींच्या जागी काम बघतात. त्यांनी ट्रेनभोवती एक फेरी मारली आणि कपाळावर आठ्या घालून ते म्हणाले, "याची पूजा झालेली दिसत नाही."

एवढं पुरे होतं. खंडेनवमीच्या दिवशी पूजा न झालेल्या यंत्रावर बसणारा माणूस मसाटच्या औद्योगिक वसाहतीत जन्माला यायचा आहे. बसमधून कंपनीतले उरलेले झेंडूचे हार आले. कुणी डब्यांवर हळदकुंकू लावलं, कुणी नारळ फोडला. खांब, कठडा, जिना, जे दिसेल त्याला हार चढले. तुफान चालवणारा गुजराती माणूस "बस, बस, साहेब, घणुं थई गयुं" (खूप झालं) म्हणत राहिला. मग त्यालाही हार घातला, तेव्हा तो गप्प झाला.

मी अक्काला घेऊन शेवटच्या रांगेत बसले. कुलकर्णीसाहेब अर्थातच पुढे. आमच्यासमोर सोनाली आणि भूषण हे शिरपूरकडचं नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. दांडी खाली आली, साखळी टकटकू लागली. अगदी माथ्याशी, पहिला डबा टोकाला टेकला असेल नसेल, तोच टकटक थांबली. तुफान जागच्या जागी शांत झालं.

खालून आवाज आला, "चिंता ना करो! हमणां चालू थई जशे!" (आत्ता सुरू होईल!)

सामान्य माणसं अशा वेळी रडतात. इथे बैठक सुरू झाली.

"सप्लाय ट्रिप झाला असणार," कुलकर्णीसाहेब समोर बघतच ओरडले.

"नाही सर, चेनचा प्रॉब्लेम वाटतोय," मधल्या डब्यातून पाटील म्हणाले.

"का वाटतोय?"

"आवाज तसा होता सर."

"आवाज तसा का होता?"

कुणीतरी शेवटचा मेंटेनन्स कधी झाला असं विचारलं. कुणीतरी खाली बघू नका असं सुचवलं, आणि सगळ्यांनी खाली बघितलं. भूषणच्या फाफड्याने वर यायची तयारी सुरू केली होती.

तेवढ्यात माझ्या शेजारून एक विचित्र आवाज आला. अक्का हसत होती. वर्षभरात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"अहो कुलकर्णी," तिने हाक मारली, "सेन्सर बघायला सांगा. त्याच्यावर हार घातला असेल कुणीतरी."

कुलकर्णीसाहेबांनी तेच खाली ओरडून सांगितलं.

"दर खंडेनवमीला हेच," अक्का मला म्हणाली. "पूजेत कुणीतरी सेन्सरच्या डोळ्यावर हार सोडायचं, मशीन बंद पडायचं, आणि यांना जेवणावरून उठून कंपनीत पळावं लागायचं. एकदा तरी खंडेनवमीचं जेवण गरम जेवलेत का ते? विचार."

विचारणार कुणाला?

चालवणारा माणूस कडेच्या जिन्याने हार शोधत वर येऊ लागला. तो सावकाश येत होता, कारण हार पुष्कळ होते. तोवर भीती वाटू नये म्हणून बायकांनी उखाणे काढले. सोनालीने डोळे मिटून घेतले आणि ती म्हणाली, "वापीच्या रस्त्याला कंटेनरची रांग, भूषणरावांना खाली कधी आणशील, देवा सांग." टाळ्या पडल्या. एका हाताने, कारण दुसरा दांडीवर होता.

मग पाळी आमच्या रांगेची. सगळे थांबले. नवरा गेलेल्या बाईला उखाणा घ्यायला कुणी सांगत नाही. मी विषय बदलायला तोंड उघडलं, पण सोनालीने मान वळवली.

"काकू, तुम्ही बी घ्या ना. आमच्या सासूबाई बी घेतात अजून."

मला त्या पोरीचा राग आला. अक्काने दाजींचं नाव एरवी कधी उच्चारलेलंच नव्हतं. आयुष्यभर "हे" आणि "अहो", आणि ते गेल्यापासून तर तेही नाही. तिने समोर बघितलं. लांबवर मसाटच्या चिमण्या दिसत होत्या.

"मसाटची शिफ्ट सुटली, डोकमर्डीत लागले दिवे," ती हळू आवाजात म्हणाली. मग जरा थांबून, "मनो..."

जिन्यावरच्या माणसाने सेन्सरवरचा झेंडूचा हार ओढून काढला. पुढचे डबे माथ्यावरून गेले आणि आमच्या रांगेची कॉलर धरून कुणीतरी आम्हाला खाली फेकलं.

"...हरऽऽऽ!"

राव नाही, अहो नाही. उभ्या उतारभर ती त्याच नावाने ओरडत होती, पहिल्या वळणावर ओरडत होती, दुसऱ्यावर ओरडत होती. तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मी कधीपासून रडत होते ते मला आठवत नाही.

आता जाणकार म्हणून सांगायचं तर तुफान हा अत्यंत सुमार कोस्टर आहे. उतार आखूड, वळणं खडबडीत, शेवटचा ब्रेक मणके मोजणारा. कुणाला शिफारस करण्याजोगा नाही.

सगळे उतरले. कुलकर्णीसाहेबांनी अक्काला पाणी दिलं आणि विचारलं, "वहिनी, पुढच्या खंडेनवमीला पूजेच्या वेळी कंपनीत याल का? हार कुठे घालायचे नाहीत ते एकदा सगळ्यांना सांगा."

"येईन की," अक्का म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघायचं टाळलं. बॅगेविषयी मी पुन्हा विचारलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी ती मला थांब्यावर सोडायला आली. आपट्याची पानं हातात दिली, फाफड्याची पिशवी दिली, आणि नाशिकच्या खोलीत आता काय ठेवणार असंही विचारलं. बस सुरू होता होता मी खिडकीतून विचारलं, "अक्का, उखाण्याची दुसरी ओळ काय होती गं?"

"ओळ कुठे होती?" ती म्हणाली. "मला फक्त नाव घ्यायचं होतं."

कपराडा मागे पडला, चढ लागला. दुसऱ्या तिकिटाची जागा माझ्या शेजारी रिकामीच होती. रोलर कोस्टरमध्ये साखळीची टकटक महत्त्वाची की शेवटची रांग, यावर मी इतकी वर्षं लोकांचे कान किटवले, आणि शेजारी कोण बसलंय हे सांगायचं राहूनच गेलं. एका वळणावर बस गर्रकन फिरली. मी सवयीने शेजारी हात टाकला. हाताला फाफड्याची पिशवी लागली.