पेटीला दोन कड्या

मी मुळात पडून राहणारा माणूस नाही. अंगात ताप असला तरी उठून नळ दुरुस्त करत बसतो आणि घरच्यांच्या शिव्या खातो. लढाईच्या त्या हिवाळ्यात आमचा जबलपूरचा कारखाना तिन्ही पाळ्यांत तोफगोळे भरत होता आणि मी मात्र पालथा पडून भिंत बघत होतो. जीव नुसता तळमळायचा.

चूक माझीच. गोळ्यांच्या पेटीला दोन्ही टोकांना दोराच्या कड्या असतात, दोन माणसांसाठी. जोडीदार चहाला गेला होता. माझा धाकटा भाऊ सीमेवर, कित्येक दिवसांत त्याचं पत्र नाही. प्रत्येक पेटी त्याच्याकडेच चालली आहे असं मला वाटायचं. कोण थांबतो? एकट्यानं उचलली. कमरेत कट्कन वाजलं आणि मी तिथेच बसलो.

आमच्या घरी मुका मार असो की लचक, औषध एकच: शेगडीवर तापवलेली वीट, फडक्यात गुंडाळून. आईनं त्याच संध्याकाळी शेक दिला. काय सुख वाटलं! सकाळी कंबर ही एवढी सुजलेली, कूस बदलता येईना. बायकोनं कारखान्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला बोलावून आणलं. तो भडकलाच.

“ताज़ी चोट पे सेंक? सूजन को न्योता दे दिया, भैया! पहले दो दिन बरफ, सेंक उसके बाद. और दस दिन वजन उठाने का नाम नहीं.”

बर्फ! तोही ऐन थंडीत. बायकोनं गोहलपुरातल्या बर्फवाल्याकडून भुशात गुंडाळलेली लादी आणली, तशी आई तिच्यावर तुटून पडली. “काहून मारून राहिली माझ्या पोराला? वात भरते न अशानं कमरेत!” बायकोनं लादी फोडली. टॉवेलात तुकडे बांधून तिनं कमरेवर ठेवले. मी ओरडलो. मग हळूहळू तो भाग बधिर झाला. थोडा वेळ ठेवायचा, काढायचा, दोनेक तासांनी पुन्हा. दोन दिवसांत सूज उतरली. तिसऱ्या दिवशी वीट परत आली आणि आई जिंकल्यासारखी हसली.

शेकानं दुखणं दबतं, दुखापत तिथेच असते. हे मला कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. पाचव्या दिवशी सकाळी कंबर छान मोकळी वाटली. पत्र अजून नव्हतंच. कारखान्याचा भोंगा झाला. स्वेटरच्या आत गरम वाळूची पुरचुंडी कमरेला बांधली आणि मागच्या दारानं सटकलो. दुसऱ्याच पेटीला आडवा झालो. सायकलरिक्षात घालून मला घरी आणलं. बायको पुन्हा लादी फोडायला बसली, या वेळी रडत. तिला मी फार रडवलं, त्याची आजही लाज वाटते.

लढाई संपली तरी मी खाटेवरच. भोंगा वाजला की उगाच उठायला बघायचो. एका दुपारी भाऊ आला. वाळलेला, पण धडधाकट. मी त्याला मोठ्या ऐटीत पेटीची हकीकत सांगितली. तुझ्यासाठीच उचलली, म्हणालो.

तो खाटेच्या कडेला बसला. “दादा, तिकडे डोक्यावर गोळे पडून राहिले तरी आम्ही पेटी एकट्यानं नाही उचलत. दोघंच लागतात. एकटा माणूस मोडला तर पेटीही तिथंच राहते न.”

मला रागच आला. एवढं सोसलं ते कुणासाठी? तेवढ्यात भोंगा झाला आणि मी सवयीनं कोपरावर उठलो. त्यानं शेगडीवरची वीट फडक्यात घेतली, आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिली, मग अलगद माझ्या कमरेवर ठेवली.

“पडून राहा, दादा. आलो न मी.”

मी उशीत तोंड खुपसलं आणि रडलो. भोंगा वाजत होता. त्या दिवशी मी उठलो नाही.