आठ ओळी, चोवीस खण

आता काय सांगू तुम्हाला! चुका सगळेच करतात, पण स्वतःच्या बापाला जिवंतपणी श्रद्धांजली वाहणारा तुमच्या ओळखीत मी एकटाच असणार. चहा संपवा आधी, मग हसा.

मी मानपाड्याला एका क्लासात कॉम्प्युटरची सी भाषा शिकवतो. बाबा मोहन्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातले. दरवर्षी जुने कामगार जमतात आणि त्या वर्षी गेलेल्या सोबत्यांची नावं वाचतात. गेल्या वर्षी अध्यक्ष होते बाबा! जन्मभर मशीनपाशी उभा राहिलेला माणूस, पहिल्यांदाच स्टेजवर खुर्ची. आठवडाभर आरशासमोर भाषण चाललेलं.

"नावं यंदा सरकत्या बोर्डावर दाखवू," बाबांनी सगळ्यांना सांगून टाकलं. "आमचा मंदार करतो ना प्रोग्राम!"

केला. आठ ओळी, प्रत्येक ओळीत चोवीस खण, एका खणात एक इंग्रजी अक्षर. सात ओळींत दिवंगत, आठवीत अध्यक्षांचं नाव. ते नंतर आभाराच्या वेळी दाखवायचं होतं. नियम एकच, जो मी रोज घसा फोडून शिकवतो: नावानंतर एक खण खुणेसाठी सोडा, म्हणजे कॉम्प्युटरला कुठे थांबायचं ते कळतं.

आणि सातवे दिवंगत कोण? रघुनाथ जनार्दन भोईर. मोजा इंग्रजीत, मधल्या मोकळ्या जागा धरून. बरोबर चोवीस! खुणेला खणच उरला नाही, आणि कॉम्प्युटरने हूं की चूं केलं नाही.

सभेत वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली भोईरकाका सरकत गेले. थांबायची खूण नाही, मग काय? त्यांच्यामागोमाग आले वसंत सदाशिव साळवी. माझे बाबा! बोर्डाकडे पाठ करून ते भाषण करत होते, आणि समोर एकही माणूस त्यांच्याकडे बघत नव्हता.

कोणीतरी बोर्डाचा फोटो काढून कामगारांच्या ग्रुपवर टाकला. झालं! घरी आईला फोनवर फोन. "वहिनी, धीर धरा." टेंभी नाक्याहून मावशी रडत रिक्षाने आली. दार उघडलं बाबांनी.

"भाऊजी, तुम्ही?" म्हणत ती पायरीवरच बसली.

शेवटी बाबांनीच ग्रुपवर लिहिलं, 'मी ठणठणीत आहे, पोराचा प्रोग्राम चुकला.' दोन दिवस सगळे पोट धरून हसत होते.

"बाबा, एक खण कमी पडला हो," मी म्हटलं.

"एकच ना? असू दे," ते म्हणाले. "पण भाषण कसं झालं, ते कुणी विचारलंच नाही रे."

मीही विचारलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

या श्रावणात बाबा खरंच गेले. ग्रुपवर मीच कळवलं. मिनिटभरात हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली, आणि खाली त्यांच्या सर्वांत जुन्या सोबत्याने लिहिलं:

"मंदार, परत प्रोग्राम केलास का रे?"